मण्यारणीचा हात

पहिली बांगडी वाढवली तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसरी वाढवली तेव्हा झुंबरबाई म्हणाल्या, "असूं दे, व्हतं असं." तिसरी नवरीच्या मुठीवरच कडकन गेली आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका गप्प झाल्या.

डिंगोरे गावात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. पण लग्नाच्या हिरव्या चुड्यातल्या तीन बांगड्या एका बैठकीत गेल्यावर नुसत्या शब्दानं कुणाचं समाधान होणार? नवरी अश्विनी अवसरीच्या कॉलेजातून इंजिनीअर झालेली. तिला शकुनाचं फारसं काही नव्हतं, मुठीवर ओरखडा उठला म्हणून ती नुसता हात झाडत होती. तिच्या आजीचं, झुंबरबाईंचं, तोंड मात्र उतरलं होतं.

"माल हलका आलाय औंदा," बांगड्या भरणारी कमरजहाँ म्हणाली. "काच पातळ हाय. ह्या मापाच्या तीन आता माझ्याकडं नाय. रविवारी बाजाराला याल तवा दुकानावर या, चुडा पुरा करून देते."

"तीस वर्सं झाली, कमरबाय. माझ्या लेकींचे चुडे तू भरले, सुनंचा तू भरला. चुड्यातली बांगडी कधी वाढवली नव्हतीस."

"व्हय ना," एवढंच म्हणून कमरजहाँ खाली वाकून काचा गोळा करायला लागली.

मागं बांगड्यांची खोकी सांभाळत बसलेल्या अफिफानं तेवढ्यात दोन गोष्टी पाहिल्या. कमरजहाँ तिची फुफी, वडिलांची बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा वारला, ती जुन्नरला भावाच्या घरी परत आली आणि तेव्हापासून गावोगाव बांगड्या भरत राहिली. अफिफा तिच्याच मांडीवर वाढली. यंदा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी होऊन पुढच्या प्रवेशाची वाट बघत होती, म्हणून सध्या फुफीला स्कूटरवरून गावोगाव नेण्याचं काम तिच्याकडं होतं.

पहिली गोष्ट अशी, की तिन्ही बांगड्या एकाच जागी गेल्या होत्या: अंगठ्याच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथं, फुफीचा अंगठा दाब देतो नेमक्या त्याच क्षणी. काच हलकी असती तर ती खोक्यात फुटली असती, रस्त्यात फुटली असती, कुठंही फुटली असती. दरवेळी तिथंच का?

दुसरी गोष्ट तिला जास्त खटकली. फुफीच्या उजव्या अनामिकेत काचेचा एक तुकडा रुतला होता. रक्ताचे थेंब ओट्यावर पडत होते, आणि फुफी त्याच हातानं शांतपणे काचा वेचत होती.

"फुफी, रक्त."

"कुठं?" फुफीनं विचारलं आणि आपला डावा हात बघितला.

घरी येईपर्यंत ते "कुठं" अफिफाच्या डोक्यातून गेलं नाही.

फुफी डोळ्यांनी बांगडी भरत नसे. डाव्या हातानं समोरच्या बाईची मूठ चेपायची, उजव्या हाताच्या बोटांनी हाडाचा अंदाज घ्यायचा, आणि हाड जरा मऊ पडलं असं अंगठ्याला कळलं की बांगडी तिरकी करून सरकवायची. त्यातही तिची एक युक्ती होती. बांगडी घट्ट असेल तर ती गोष्ट लावून द्यायची. यूसुफ अलैहिस्सलामचा सदरा तोंडावरून फिरवल्यावर त्यांच्या आंधळ्या बापाला दिसायला लागलं ती गोष्ट. ईसा अलैहिस्सलामनी हात फिरवून जन्मांधाला नजर दिली, महारोग्याला बरं केलं ती गोष्ट. आणि डिंगोऱ्याच्या बायकांची सगळ्यांत लाडकी, अय्यूब अलैहिस्सलामची. एवढी संपत्ती गेली, मुलं गेली, अंगाला रोग लागला, बायको तेवढी राहिली, आणि मग अल्लाचा हुकूम आला की पाय आपट. त्यांनी पाय आपटला! बायकांचं लक्ष त्या आपटलेल्या पायाकडं, आणि बांगडी हाडावरून पार. दुखलं हे कळायच्या आत काम झालेलं असायचं. पायाखालून गार पाण्याचा झरा फुटला आणि त्या पाण्यानं अंग धुऊन अय्यूब बरे झाले, हे ती मग सावकाश सांगायची.

दुपारी घरी अब्बा नव्हते. अफिफानं फुफीला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि बॉलपेन घेतलं.

"डोळे मीट. पेन जिथं टेकेल तिथं बोट ठेव."

"हे काय खूळ?"

"ठेव तर."

डाव्या हाताला सगळं बरोबर आलं. उजव्या हाताच्या करंगळीवर पेन टेकवलं. फुफी डोळे मिटून बसून राहिली. अनामिकेवर टेकवलं, तरी तशीच. "सुरू कर की," ती म्हणाली. अंगठ्यावर टेकवलं तेव्हा तिनं बोट ठेवलं ते दोन इंच बाजूला, तळहातावर. अफिफानं तिची बाही वर सरकवली. कोपराच्या खाली पुरीएवढा तांबूस चट्टा होता. त्याच्यावर लव नव्हती, घाम नव्हता. कोपराच्या खोबणीत बोट घातलं तर तिथली नस सलवारीच्या नाडीसारखी जाड लागली.

तिसऱ्या सेमिस्टरला चार मार्कांचा प्रश्न होता. अफिफानं चारही मिळवले होते. बारा-चौदा दिवसांतून एकदा दुभंगणारा जंतू, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, थंड जागा शोधतो, नसा धरतो. संवेदना जाते. हे सगळं लिहून ती त्या संध्याकाळी घरी आली होती आणि ह्याच हातानं केलेली भाकरी खाल्ली होती.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या रमजानच्या आधीपासून चट्टा आहे. बोटं आत्ता, दोन-तीन महिने."

घरात त्यांची भाषा दखनी, पण भांडायची वेळ आली की दोघी मराठीवर येत. त्या दिवशी तशाच आल्या.

"कुणाला दाखवलंस?"

"ज्याला दाखवायचं त्याला दाखवलं." फुफीनं कपाटातून पाण्याची बाटली काढून समोर ठेवली. रोज फजरच्या नमाजनंतर अय्यूब अलैहिस्सलामची दुआ पढून ती पाण्यावर फुंकर घालायची आणि त्यानं कोपर धुवायची. "या अल्ला, मला दुःखानं गाठलंय आणि तुझ्याएवढं दयाळू कुणी नाही. यापेक्षा जास्त त्यांनी मागितलं नाही. मी पण मागितलं नाही."

"तुला माहीत आहे हे काय आहे?"

"मी काय दूधखुळी आहे? लहानपणी बाजाराच्या कडेला डबा घेऊन बसलेली माणसं बघितलीत मी. म्हणून तर गप्प बसले." तिनं बाही खाली ओढली. "एकदा नाव फुटलं की कोण हात देईल माझ्या हातात? शिंप्याला सुई असते, सुताराला पटाशी असते. मला दुसऱ्या बाईचा हात लागतो, अफिफा. तो मिळाला नाही की संपलं."

"अगं गोळ्या आहेत त्याला. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बरा होतो हा रोग!"

"आणि मग सरकारी दवाखान्याची आशाताई दारात येणार. गल्ली विचारणार, का आली होती? नको. ईसा अलैहिस्सलामनी नुसता हात फिरवला आणि—"

"ते आता येणार आहेत का जुन्नरला?"

बोलून गेल्यावर अफिफाला कळलं की हे बोलायचं नव्हतं. फुफीनं तिच्याकडं एकदा बघितलं, बाटली उचलून कपाटात ठेवली आणि पीठ मळायला घेतलं. त्यानंतर चार दिवस ती अफिफाशी बोलली नाही. चहा समोर यायचा, डबा भरलेला असायचा, पण शब्द नाही.

त्या चार दिवसांत अफिफानं पुस्तकं काढली. नसेची ताकद जाऊन सहा महिन्यांच्या आत औषध सुरू झालं तर हात पुष्कळसा परत येतो, नंतर येईलच असं नाही. बोटं बधिर होऊन दोन-तीन महिने झालेले. म्हणजे हातात फार तर तीन-चार महिने, कदाचित कमी. तिनं ठरवलं, रविवारपर्यंत थांबायचं. रविवार गेला की अब्बांना सांगून टाकायचं, मग फुफी जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

रविवारी जुन्नरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. झुंबरबाई नातीला घेऊन दुकानात आल्या त्या बसण्याआधीच बोलायला लागल्या.

"काय ती यष्टी, काय ती गर्दी! कंडक्टर म्हणतो आजी सरका. आता आनखी सरकले तर डायवरच्या मांडीवर बसंल की, भाऊ!"

फुफीनं बोटाची पट्टी दाखवली. "बोट कापलंय. आज ही भरंल."

"ही?" अश्विनीनं हात मागं घेतला.

"ही," फुफी म्हणाली आणि चार दिवसांत पहिल्यांदा अफिफाकडं बघितलं. "बस समोर. डाव्या हातानं मूठ धर. दाबायचं नाही, चेपायचं."

अफिफानं आयुष्यात कुणाला बांगडी भरली नव्हती. अश्विनीचा हात कीबोर्डवर चालणारा, तरी हाडाला चांगला रुंद होता. बांगडी हाडापाशी येऊन अडली.

"गोष्ट लाव की, कमरबाय," झुंबरबाई म्हणाल्या. "पोरीचा हात घट्ट हाय."

"आज नको."

"का? रुसलीस व्हय? ऱ्हा मंग, मीच सांगते." झुंबरबाईंनी पदर सावरला. "आयुबबाबा म्हणून एक व्हता बघ, अश्विनी. लई मोठा माणूस. ऐंशी एकर बागायत."

"बागायत कुठं होती?" फुफीच्या तोंडून निघून गेलं.

"मंग काय जिरायत व्हती? गप ऱ्हा. ऐंशी एकर बागायत, शेळ्या-मेंढ्या, उंट. सगळं गेलं. लेकरं गेली. अंगाला रोग लागला, गावानं भाईर काढलं. एक बायको तेवढी ऱ्हायली, रहिमाबाय. खरी सोशीक तीच, पन नाव समदं नवऱ्याचं, ते सोड. वर्सामागून वर्सं गेली. तरी गडी देवावर चिडला न्हाई. शेवटी एकदाच हाक मारली. तर देव काय म्हणला?"

"काय?" अश्विनीनं विचारलं.

"पडून ऱ्हा, मी बघतो, असं म्हणला? न्हाई! म्हणला, पाय आपट!"

अफिफाच्या अंगठ्याखाली हाड किंचित हललं. तिनं बांगडी तिरकी केली आणि सरकवली. बांगडी मनगटावर गेली. अश्विनीला हसू फुटलं, अफिफाला त्याहून जास्त. झुंबरबाई मात्र गोष्टीतच होत्या.

"आता तू शिकलेली हाईस, तूच सांग. ज्या देवानं आभाळ उभं केलं त्याला जमिनीतनं पाणी काढाया ह्या हाडाच्या सापळ्याचा पाय कशाला पायजे व्हता? पन न्हाई. पाणी माझं, पाय तुझा. तुझा तू आपट. मागल्या साली ह्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा व्हता, तर तुझा बाप म्हणतो, नको आई, म्हातारपणी कशाला कापाकापी. मी म्हणलं, कमरबायच्या आयुबबाबाला येवढ्या दुखण्यात पाय आपटाया लागला, मला दवाखान्याच्या पायऱ्या तरी चढूं दे. आता बघ, यष्टीची पाटी मी वाचते आन् तुला विचारावी लागत न्हाई."

उरलेल्या दोन बांगड्या अफिफानं भरल्या, एकही वाढवली नाही. झुंबरबाईंनी अश्विनीला मण्यारणीच्या पाया पडायला लावलं. अश्विनी वाकली तेव्हा फुफीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, डावा.

त्या दोघी गेल्यावर फुफी हिरव्या बांगड्यांची माळ मांडीवर घेऊन बसली.

"तीस वर्षं मी ती गोष्ट सांगतेय," ती म्हणाली. "पाय आपट म्हणायचे आणि बांगडी ढकलायचे. माझं सगळं लक्ष बांगडीवर. ऐकत होती ती झुंबरबाई."

अफिफा खोकी आवरत राहिली. मधे बोलायचं नाही, एवढं तरी चार दिवसांत ती शिकली होती.

"दवाखाना उद्या किती वाजता उघडतो?" फुफीनं विचारलं.

दवाखान्यातली डॉक्टर तिशीतली होती. तिनं पेन, कापूस, सगळं तेच केलं जे अफिफानं केलं होतं, फक्त जास्त नीट. मग म्हणाली, "वेळेत आलात, मावशी. वर्षभर गोळ्या घ्यायच्या. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या देते. पहिला डोस आमच्यासमोर." नर्सनं पाकिटातून गोळ्या काढून हातावर ठेवल्या. फुफीनं बिस्मिल्ला म्हटलं, "या शाफी" म्हटलं आणि एकेक करून सगळ्या गिळल्या. डॉक्टर तिच्या तोंडाकडं बघत थांबली होती. "शाफी म्हणजे?" तिनं विचारलं.

"बरं करणारा."

"मग मीही म्हणत जाईन," डॉक्टर म्हणाली आणि कार्डावर तारीख घातली.

घरच्यांची तपासणी झाली. अब्बांना, म्हणजे चांदभाईंना, हे सगळं तेव्हा कळलं. ते बहिणीवर ओरडले, मग दुकानामागं जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले. त्यांना आणि अफिफाला खबरदारी म्हणून एकदाच घ्यायचं औषध मिळालं. आशाताई खरंच दारात आली. गल्लीनं विचारलंसुद्धा. फुफी म्हणाली, "हाताची नस," आणि ते खोटं नव्हतं.

त्या महिन्यापासून घराला एक नवीन शिस्त लागली. रोज संध्याकाळी फुफी अर्धा तास हात गार पाण्यात बुडवून बसायची, मग त्यावर तेल. डॉक्टरांनी सांगितलेलं. "धुवायला गार पाणी," ती एकदा पाण्याकडं बघत म्हणाली, "त्यांना पण हेच मिळालं होतं." अफिफानं वहीत हाताचा आकार काढला. जिथं पेन कळत नाही तिथं लाल ठिपका, जिथं कळतं तिथं निळा. पहिल्या पानावर अर्धा हात लाल होता. दुसऱ्या महिन्याचं पान जवळजवळ तसंच. तिसऱ्यात मधल्या बोटावर तीन ठिपके निळे झाले. अफिफानं ते तीन वेळा तपासले, कारण आपल्याला हवं तेच आपण बघतोय अशी तिला शंका आली. चौथ्या वेळीही ते निळेच आले.

औषधानं फुफीचा रंग काळवंडत चालला होता. ते ठाऊकच होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलेलं. पण आरशासमोर ती जरा कमी थांबायची. आणि गावांना जाणं तिनं बंद केलं होतं. औषध सुरू झालं की रोग पसरत नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, अफिफानं वीसदा. फुफी म्हणायची, "बघू."

दिवाळीच्या दिवसांत एका सकाळी स्वयंपाकघरातून आरोळी आली. अफिफा धावली. फुफीनं गरम चहाचा स्टीलचा पेला उजव्या हातानं उचलला होता आणि टाकून दिला होता. चहा सगळीकडं. ती अंगठा तोंडात घालून उभी होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भाजलं," ती म्हणाली. "अफिफा, मला भाजलं!"

"कुठं?"

"इथं. अंगठ्याला. अल्ला, काय भाजलंय!" आणि ती हसायला लागली. अंगठ्याला बर्फ लावू म्हटलं तर लावू देईना. थोडं दुखू दे म्हणाली. मग वजू करून, हातपाय-तोंड धुऊन तिनं चटई टाकली आणि शुक्रचा, आभाराचा सजदा केला तो एवढा लांब, की सांडलेला चहा पुसून अफिफाचा नवा चहा होऊन गेला.

चहा पिताना अफिफाला राहवलं नाही. "कुणी बरं केलं गं तुला?"

"तू म्हणशील गोळीनं."

"मी काही म्हणत नाही."

"ईसा अलैहिस्सलामनी एवढ्या लोकांना बरं केलं, पण नुसतं मी केलं असं एकदाही म्हणाले नाहीत. अल्लाच्या परवानगीनं म्हणाले. मग तुझी गोळी काय त्यांच्यापेक्षा मोठी आहे?"

गंमत म्हणजे अफिफाला ह्यावर वाद घालावासा वाटला नाही. बशीत न वाढणाऱ्या त्या जंतूमागं आयुष्य घालवलेली कुठकुठली माणसं, त्यांची नावंही तिला धड आठवत नव्हती. त्यांच्यातल्या कुणालाही जुन्नर ठाऊक नसणार. त्यांनी त्यांचा पाय आपटला होता, इतकं तिला त्या सकाळी स्पष्ट दिसलं, आणि चहाचा पेला हातात धरून ती त्यांचेही आभार मानत बसली.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात फुफीनं स्वतःच खोकी भरली. "डिंगोरे," एवढंच म्हणाली आणि स्कूटरवर मागं बसली.

झुंबरबाईंच्या ओट्यावर नऊ-दहा बायका जमल्या. शेजारची उज्ज्वला पुढंच बसली होती. "कमरबाय, कुठं व्हतीस इतके महिने?" तिनं विचारलं. "आन् काळी का पडलीस? उन्हात कांदे काढाया गेलतीस का काय?"

बायका हसल्या. फुफीनं नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"ऊन न्हाई," फुफी म्हणाली. "औषधानं झालंय. मला महारोग झालाय. आठ महिने गोळ्या चालू हायेत, चार ऱ्हायल्यात."

उज्ज्वलानं पुढं केलेला हात पदराखाली घेतला. एक बाई उठली, चूल पेटती आहे म्हणाली आणि गेली. अफिफा घाईघाईनं सांगायला लागली, औषध चालू असलं की लागण होत नाही, शंभरातल्या नव्वदांहून जास्त माणसांना हा जंतू काही करूच शकत नाही. फुफीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तशी ती थांबली.

"कधीपासून?" झुंबरबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"दोन वर्सं तरी झाली."

"म्हंजी अश्विनीच्या चुड्याच्या वक्ताला व्हता."

"व्हता."

"आन् तुला ठावं व्हतं."

"ठावं व्हतं."

"मला सांगितलं न्हाईस. तीस वर्सं माझ्या ओट्यावर बसतीस, माझ्या घरची भाकर खातीस. मला न्हाई सांगितलंस!"

"भ्याले मी, झुंबरबाय. तुमी हात देणार न्हाई म्हणून भ्याले."

"मंग दिला नसता! भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, आन् तुला कानाला धरून दवाखान्यात नेली असती. तुझी तू दोन वर्सं काढलीस ती काय कमी वाईट?" झुंबरबाई धापा टाकत थांबल्या. अश्विनीला काही झालं नाही ना, हे त्यांनी विचारलं नाही, पण अफिफानं ते ओळखून हळूच सांगितलं, की तिला तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही. झुंबरबाईंनी मान हलवली. मग फुफीकडं वळून म्हणाल्या, "आता कळतंय का हाताला?"

"अंगठ्याला कळतंय. ह्या दोन बोटांना कळतंय. करंगळीला न्हाई. डाक्टरीन म्हणली, तिचं सांगता येत न्हाई."

झुंबरबाईंनी उजवा हात पुढं केला. सत्तर वर्षं खुरपं धरलेला, सांध्यांत सुजलेला, बांगडी भरायला गावातला सगळ्यांत अवघड हात. "भर," त्या म्हणाल्या. "आन् वाढवलीस तर बघ."

फुफीनं माळेतून एक बांगडी काढली. मूठ धरली, चेपली. तिनं गोष्ट लावली नाही. ओट्यावर फक्त कोंबडीचा आवाज होता. बांगडी हाडापाशी आली आणि थांबली. अफिफा फुफीच्या तोंडाकडं बघत होती, म्हणून तिला ते दिसलं: फुफीच्या अंगठ्याला खाली काहीतरी सापडलं, आणि ते सापडल्याचं तिच्या चेहऱ्यावर उमटलं. तिनं बांगडी तिरकी केली. बांगडी हाडावरून पार झाली. ती पुटपुटली ते अफिफाला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून ते शुक्र होतं हे कळलं.

"दुखलं," झुंबरबाई म्हणाल्या. "दुसरी भर."

त्यानंतर पाच जणींनी हात दिले. बाकीच्या बसून राहिल्या, पण उठूनही गेल्या नाहीत. उज्ज्वलानं हात दिला नाही. फुफीनं माळा गुंडाळल्या आणि ती निघाली.

स्कूटर सुरू करताना उज्ज्वला धावत आली. पदराखाली हात तसाच धरलेला.

"कमरबाय, राग मानू नको," ती म्हणाली. "एक इचारायचं व्हतं. माझी आई ओतूरला ऱ्हाती. तिला चुलीवर भाजलेलं कळत न्हाई. फोड येतो तवा कळतं. आमी म्हणायचो, म्हातारपन."

"कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"चट्टा हाय?"

"दंडावर हाय. कायबाय लावती ती त्याला."

फुफीनं खोकी पुढं नीट अडकवली. "असंल, नसंलही. बघितल्याबिगर कळायचं न्हाई. तू आईला फोन कर, म्हणावं बांगड्या भरणारी येती," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर बसून अफिफाच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. तो हात खांद्यावर घट्ट होता, चारही बोटांनी आणि अंगठ्यानं.

जुन्नरचा रस्ता डावीकडं होता, ओतूरचा उजवीकडं.

"गाडी वळव, अफिफा."